फरशी गरम लागायलाच हवी का?

पत्र थोडक्यात: आम्ही म्युनिकपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. २०२२ मध्ये बांधून झालेलं घर, १४५ चौरस मीटर, हवेवर चालणारा हीट पंप आणि वर-खाली सगळीकडे फ्लोअर हीटिंग. नोव्हेंबरअखेर सासूबाई तीन महिन्यांसाठी नाशिकहून आल्या आहेत. वय ७४, मधुमेह आहे. खोलीत २१ अंश असतात, तरी त्या म्हणतात, "जमिनीखाली गरम पाणी फिरतं म्हणता, मग पायाला गारच का लागतं?" म्हणून मी पाण्याचं तापमान वाढवलं. बाहेर शून्य अंश असताना आधी ३८ असायचं, आता ४२ आहे. नवऱ्याचं म्हणणं, इंटरनेटवर लोक २८-३० अंशांत घर तापवतात, आपणच वीज जाळतोय. तो रिकाम्या खोल्यांचे थर्मोस्टॅट बंद करतो, रात्री घर ४ अंशांनी उतरवतो. सकाळी मी पुन्हा वाढवते. मागच्या वर्षी पंपाला ३७०० युनिट वीज लागली. पंपाच्या पडद्यावर त्याच वर्षात ९६०० युनिट उष्णता दिल्याचं दिसतं. यंदा बिल जास्तच येईल. हाइट्सुंगवाला, म्हणजे हीटिंग बसवणारा, म्हणतो, बसवलंय तसं राहू द्या, हात लावू नका. ताई, पाणी नेमकं किती अंशांवर ठेवायचं? आणि घरातली ही रोजची कुरबुर कशी थांबवायची?

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातला वर्षभराचा आकडा मी आधी घेते, कारण त्याने सासूबाईंवरचा आळ उतरतो. ते ३७०० युनिट जळाले तेव्हा त्या नाशिकला होत्या. ९६०० ला ३७०० ने भागा, २.६ येतात. म्हणजे एक युनिट वीज घालून तुमच्या पंपाने २.६ युनिट उष्णता दिली. जर्मनीत याला यारेस-आर्बाइट्सझाल म्हणतात. वर्षभराची पंपाची कमाई म्हणा. फ्राइबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेने जुन्या, वापरात असलेल्या घरांमध्ये हवेवरचे पंप मोजले तेव्हा सरासरी ३.१ आली होती. त्यांतल्या कितीतरी घरांत रेडिएटर होते. तुमचं घर नवं, भिंती चांगल्या, जमिनीखाली नळ्या. अशा घराने त्या सरासरीच्या मागे राहायला नको होतं. तेव्हा दुखणं जुनं आहे, आणि ते सासूबाईंच्या पायांत नाही.

आता तुमच्या कृतीकडे येते. तुम्ही पाणी ३८ वरून ४२ वर नेलंत, ते मायेपोटी. पण खोलीतला थर्मोस्टॅट अजून २१ वर आहे, बरोबर? मग काय होतं बघा. ४२ अंशांचं पाणी फरशीत शिरतं, खोली लवकर २१ ला पोचते, थर्मोस्टॅट त्या खोलीची झडप बंद करतो, पाणी थांबतं. थोड्या वेळाने खोली उतरते, झडप उघडते, पुन्हा गरम पाण्याचा लोंढा. दिवसभराची सरासरी काढली तर फरशीला आधी जेवढी उष्णता मिळत होती तेवढीच आताही मिळते, कारण २१ अंशांवर राहायला खोलीला तेवढीच लागते. म्हणजे तुम्ही पैसे जास्त मोजता, आणि सासूबाईंच्या तळव्यांना त्यातलं काहीच पोचत नाही. पत्रात त्यांची तक्रार ४२ नंतरही चालूच आहे, त्याचं कारण हेच.

या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत आहे. ती तुमची आहे, सासूबाईंची आहे, आणि इथे नव्याने घर घेणाऱ्या बहुतेक प्रत्येकाची असते: जमीन तापवतोय, तर ती हाताला-पायाला गरम लागलीच पाहिजे. तसं नसतं. बेताच्या थंडीत तुमच्या घरातली फरशी २३-२४ अंशांची असेल. खोली २१ आणि फरशी २४ असेल, तर दर चौरस मीटरमागे जवळपास ३० वॉट उष्णता वर येते. तुमच्याकडे १३० चौरस मीटर फरशीखाली नळ्या असतील असं धरू. जवळजवळ ४ किलोवॉट झाले, म्हणजे आपल्याकडचे २ किलोवॉटचे दोन गीझर एका वेळी चालू ठेवल्यासारखं. एवढी उष्णता घरात येत असते आणि तरी पायाला काही जाणवत नाही, कारण तळव्याची कातडी सहसा २४ पेक्षा गरमच असते. स्वतःपेक्षा कोमट वस्तू पायाला गारच लागते. युरोपातल्या नियमाप्रमाणे राहत्या जागेत फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांवर जाऊ देत नाहीत, बाथरूममध्ये ३३ पर्यंत चालतो. इतकी गरम फरशी तुमच्या नव्या घरात कडाक्याच्या थंडीतही लागणार नाही. उलट रोज फरशी पायाला गरम लागायला लागली, तर खोल्या २५-२६ ला जातील आणि तुम्ही खिडक्या उघडाल.

या कोमट फरशीचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. दुपारी दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आलं आणि खोली २३ झाली, तर २४ अंशांची फरशी आपोआप पूर्वीच्या एक तृतीयांशच उष्णता देते. थर्मोस्टॅटने काही करायच्या आधीच. ३० अंशांची फरशी असं करत नाही, ती तापवतच राहते.

पाण्याचं तापमान एवढं महत्त्वाचं का, तेही सांगते, म्हणजे तुमच्या यजमानांचा आग्रह अगदीच बिनबुडाचा नाही हे लक्षात येईल. हीट पंप उष्णता तयार करत नाही. बाहेरच्या थंड हवेतून ती उपसून वर चढवतो, विहिरीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवावं तसं. विहिरीत पाणी किती खाली आहे हे आपल्या हातात नाही. ते बाहेरचं तापमान. टाकी किती उंचावर बांधायची हे मात्र आपण ठरवतो. ते म्हणजे फरशीत जाणाऱ्या पाण्याचं तापमान, मशीनच्या पडद्यावरचा 'फोरलाउफ'. टाकी एक अंश खाली घेतली की वीज साधारण २ ते अडीच टक्के कमी लागते. गॅसच्या बॉयलरला ४० आणि ५० मधला फरक फारसा जाणवत नाही, म्हणून गॅसच्या काळात तयार झालेले हाइट्सुंगवाले पुष्कळदा ऐसपैस आकडा टाकून निघून जातात. घर थंड राहिलं तर गिऱ्हाईक फोन करतं. बिल दोनशे युरो जास्त आलं तर कुणी करत नाही.

पण यजमानांचे २८-३०? ते ज्या घराचे आहेत त्या घराचे आहेत. तिथे नळ्या १० सेंटिमीटरवर टाकल्या असतील, तुमच्याकडे कदाचित १५ वर. तिथे टाइल असेल, तुमच्या बैठकीत लाकूड. तो माणूस ऱ्हाइनच्या काठी राहत असेल, जिथे पारा क्वचितच उणे १० ला जातो. तुमच्या बाजूला घराची आखणीच उणे १२ ते उणे १६ धरून करतात. शिवाय त्याने २८ लिहिलं तेव्हा बाहेर किती होतं? हा प्रश्न न विचारता फोरलाउफचा आकडा सांगणं म्हणजे किती माणसं जेवायला आहेत ते न विचारता तांदळाचं माप सांगणं. तुम्हाला एक आकडा ठरवायचाच नाहीये. तुम्हाला एक रेघ ठरवायची आहे: बाहेर १० अंश असताना पाणी किती, शून्यावर किती, उणे १० वर किती. हीच हाइट्सकुर्व. तिला दोनच खुंट्या असतात: उतार, म्हणजे 'नायगुंग', आणि सगळी रेघ वर-खाली सरकवणारी 'निवो'.

अंदाज हवाच असेल तर सांगते. तुमच्यासारख्या घरात बाहेर शून्य असताना ३० च्या आसपास आणि कडाक्याच्या थंडीत ३४-३५ पाणी पुरायला हवं. उतार बहुधा ०.३ च्या जवळ येईल, म्हणजे बाहेर १० अंश उतरले की पाणी ३-४ अंश चढतं. पण हे माझं अनुमान आहे. खरं उत्तर तुमचं घर देईल, आणि त्याला ते देता यावं म्हणून आधी दोन गोष्टी बंद कराव्या लागतील. दोन्ही यजमानांच्या आहेत.

पहिली, खोल्या बंद करणं. हा हिशोब इतका सरळ वाटतो की मीही त्यात फसले होते. स्टुटगार्टजवळच्या आमच्या घरातल्या पहिल्या हिवाळ्यात मी पाहुण्यांची खोली, कोठी आणि वरचा बोळ असं सगळं बंद ठेवलं होतं. जानेवारीत एकदा रात्री बाहेर उभी राहिले तेव्हा पंप सुरू होऊन पाच-सात मिनिटांत थांबत होता, पुन्हा थोड्या वेळाने सुरू. पंपाला ठरावीक मापापेक्षा कमी जोरावर चालता येत नाही. उघड्या नळ्या कमी असल्या की त्याने दिलेली उष्णता घ्यायला पुरेशी फरशीच उरत नाही, परतीचं पाणी झटकन तापतं आणि तो बंद पडतो. कॉम्प्रेसरचं आयुष्य या चालू-बंदने घटतं. शिवाय बंद खोली शेजारच्या खोल्यांतून उष्णता ओढतच असते, कारण आतल्या भिंतींत काही इन्सुलेशन नसतं. मग उघड्या खोल्यांना जास्त गरम पाणी लागतं. आम्ही सगळे थर्मोस्टॅट उघडे केले, त्यानंतर पाणी ४ अंशांनी उतरवता आलं आणि पंप तासन् तास संथ चालू लागला.

दुसरी, रात्रीची कपात. रेडिएटरच्या घरात तिला अर्थ होता. तुमच्या फरशीत साडेसहा सेंटिमीटर जाडीचा कोबा धरला, तरी त्याचं वजन १६-१७ टन भरतं. एवढं दगडासारखं ओझं एका रात्रीत फारसं थंड होत नाही, आणि जे होतं ते पहाटे पुन्हा तापवावं लागतं. नेमकी तीच वेळ बाहेर सगळ्यात थंड असते. पंप तेव्हा जास्तीत जास्त गरम पाणी देण्याच्या मागे लागतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर आतली विजेची कांडी, हाइट्सश्टाब, मदतीला येते. ती एक युनिट घेऊन एकच युनिट उष्णता देते. तुमचे २.६ कुठे गेले याचा माझा पहिला संशय या पहाटेवर आहे. पडद्यावर कांडीचे तास किंवा युनिट वेगळे दिसतात, ते आजच बघून ठेवा.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. एक वही घ्या. मशीनमधले सध्याचे सगळे आकडे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे काही बिघडलंसं वाटलं तर जसंच्या तसं परत करता येईल. ग्राहकाच्या मेनूमध्ये हाइट्सकुर्वची खुंटी असते ती तुमच्यासाठीच असते, त्याने वॉरंटीला धक्का लागत नाही. हाइट्सुंगवाल्याच्या मेनूला मात्र त्याच्याशिवाय हात नको; 'हात लावू नका' हे त्याचं म्हणणं तेवढ्यापुरतं योग्य आहे.

मग सगळ्या खोल्यांचे थर्मोस्टॅट २४-२५ वर नेऊन ठेवा. घाबरू नका, खोल्या तिथे जाणार नाहीत, कारण लगेच पुढचं पाऊल म्हणजे पाणी उतरवणं आहे. बाहेर शून्याला ३४ येईल इतकी रेघ खाली आणा आणि दोन दिवस कशालाही शिवू नका. खरंच दोन दिवस. कोब्याला सकाळी केलेला बदल संध्याकाळी दाखवता येत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांमध्ये निम्मी गडबड दिवसातून तीनदा आकडे बदलण्याची असते. दर दोन दिवसांनी एक-एक अंश उतरवत जा. रोज रात्री नऊला, ऊन आणि स्वयंपाक दोन्हींचा परिणाम ओसरल्यावर, प्रत्येक खोलीचं तापमान आणि बाहेरचं तापमान वहीत लिहा. ज्या दिवशी सगळ्यात थंड खोली तुम्हाला हव्या त्या तापमानाच्या खाली गेली, त्या दिवशी एक अंश परत वर. तिथे थांबा.

काही खोल्या जास्त तापतील. त्यांच्यासाठी थर्मोस्टॅट वळवू नका, वाटणी बदला. जिन्याखालच्या किंवा कोठीतल्या पत्र्याच्या पेटीत प्रत्येक नळीवर एक छोटी काचेची मोजपट्टी असते, मिनिटाला किती लिटर पाणी जातं ते दाखवणारी. तुमच्यासारख्या घरात एका नळीतून साधारण एक ते दोन लिटर जात असतं. तापणाऱ्या बेडरूमचं पाव लिटर कमी करा, मागे राहणाऱ्या खोलीचं पूर्ण उघडा. हे काम शास्त्रशुद्ध करतात त्याला हायड्रॉलिशर आबग्लाइश म्हणतात, आणि घर बांधलं तेव्हा ते झालेलं असायला हवं. हाइट्सुंगवाल्याकडे त्याचा कागद आणि खोलीवार हाइट्सलास्टचा, म्हणजे कुठल्या खोलीला किती उष्णता लागते त्याचा, हिशोब मागा. कागद निघाला तर लिटरचे आकडे त्यावरच असतील. निघाला नाही, तर काम अर्धवट राहिलं होतं एवढं कळेल, आणि ते पूर्ण करून मागणं हा तुमचा हक्क आहे. पडद्यावर फोरलाउफ आणि रुकलाउफ, म्हणजे जाणारं आणि परत येणारं पाणी, यांतला फरकही पाहा. ५ अंशांच्या आसपास ठीक. १० असेल तर पाणी फार हळू फिरतंय.

पुढे थंडी बदलली की रेघेचा उतार पारखता येतो. बाहेर ८-१० अंश असताना घर छान, पण हिमकडाक्यात मागे पडतं, तर उतार थोडा वाढवा. उलट कडाक्यात छान आणि ओलसर, सौम्य दिवसांत गार, तर उतार थोडा कमी करून निवो वाढवा. दोन्ही वेळा सारखंच गार असेल तर फक्त निवो.

या सगळ्यात एक खोली आडवी येईल, आणि तिचा विचार आधीच करून ठेवा, कारण मी पाहिलेल्या घरांमध्ये पाण्याचं तापमान बहुतेक वेळा तीच ठरवते. बाथरूम. आपल्याला तिथे २३-२४ हवे असतात. पण टब, शॉवर आणि कपाट वगळलं की नळ्या टाकायला ४-५ चौरस मीटरच फरशी उरते. एवढीशी फरशी २४ अंश द्यायची तर पाणी ३८ लागतं, आणि मग ते ३८ सगळ्या घराला जातं. एका छोट्या खोलीच्या अर्ध्या तासासाठी १३० चौरस मीटर दिवसरात्र जास्त गरम का ठेवायचे? तिची नळी पूर्ण उघडा, दार लावून घ्या, आणि तरी कमी पडलं तर भिंतीवर टॉवेल वाळवायचा विजेचा रेडिएटर लावा, आंघोळीआधी वीस मिनिटं. ५०० वॉटचा असला तरी एका आंघोळीला पाव युनिटसुद्धा जात नाही. बाथरूमचा हट्ट सोडला की बाकीचं घर किती खाली यायला तयार असतं हे पाहून आश्चर्य वाटतं.

आणि सासूबाई. मला त्यांच्याबद्दलच जास्त लिहायचं होतं.

नाशिकच्या घरात त्या शहाबादी फरशीवर किंवा टाइलवर अनवाणी वावरल्या असतील, आणि डिसेंबरच्या सकाळी तिथली खोली तुमच्या २१ पेक्षा थंडच असते. तरी तिथे त्या कुडकुडल्या नाहीत. कारण आठ वाजता ओट्यावर कोवळं ऊन यायचं. त्या उन्हात पाठ करून बसायचं, भाजी निवडायची, शेजारणीशी बोलायचं, उठून कामाला लागायचं. तुमच्या गावात डिसेंबरात आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही, साडेचारला अंधार होतो, आणि दिवसभर त्या सोफ्यावर बसून असतील. घर एकसारखं उबदार आहे, पण जवळ जाऊन बसावं असं त्यात काही नाही. चूल नाही, ऊन नाही. फ्लोअर हीटिंगने ती उणीव ५० अंशांच्या पाण्यानेही भरून निघणार नाही. म्हणून त्यांची ऊब वेगळी द्या. त्या बसतात ती खुर्ची मोठ्या काचेजवळ असेल तर आतल्या भिंतीकडे हलवा; काच चांगली असली तरी भिंतीपेक्षा थंडच असते आणि अंगाची उष्णता तिकडे जाते. पाठीला लावायची विजेची गरम गादी १०० वॉटची असते, चार तास लावली तरी अर्धं युनिटही नाही. पायाखाली जाड गालिचा अंथरायचा मोह होईल. खुर्चीपुरता छोटा चालेल, पण अख्ख्या खोलीभर नको, कारण तो खालून येणारी ऊबच अडवतो. घरात घालायच्या लोकरी सपाता आणि मोजे घेऊन द्या. चप्पल घालून घरात फिरणं त्यांना रुचणार नाही कदाचित, म्हणून मऊ तळाचे विणलेले मोजे बघा.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. त्यांना मधुमेह आहे. मधुमेहात तळव्यांच्या नसांवर परिणाम झाला असेल, तर खोली कितीही उबदार असली तरी पाय गार किंवा बधिर वाटतात, आणि त्याच पायांना भाजल्याचं मात्र कळत नाही. म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा गरम गादी थेट पायांना लावू देऊ नका. पाठीला, कमरेला, तीही मंद आणि कपड्यावरून. पायांची संवेदना आणि रक्तपुरवठा डॉक्टरांकडून तपासून घ्या. सतत थंडी वाजण्यामागे थायरॉइड किंवा रक्त कमी असणंही असू शकतं, तेव्हा त्या तपासण्या अलीकडे झाल्या नसतील तर नाशिकच्या त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. हा प्रश्न पंपाकडून सुटणारा नाही.

यजमानांना एक सांगायचं आहे. आकडे उतरवण्याच्या उत्साहात त्यांनी नळाच्या गरम पाण्याची टाकीही खाली आणली असेल, तर ती परत वर न्या. फरशीचं पाणी आणि आंघोळीचं पाणी हे दोन वेगळे हिशोब आहेत. कोमट साठवलेल्या पाण्यात, विशेषतः २५ ते ४५ अंशांत, न्यूमोनियासारखा आजार करणारे लिजिओनेला जंतू वाढतात, आणि घरात ७४ वर्षांचं, मधुमेह असलेलं माणूस आहे. टाकी ५० च्या खाली नको. अधूनमधून ६० पर्यंत नेण्याची सोय असेल तर ती बंद करू नका. वाचवायचं ते फरशीत वाचवा.

किती वाचेल? खोटी आशा लावत नाही. मागच्या वर्षीच्या ३८ वरून ३० पर्यंत आलात, तर फक्त या उतरण्याने घर तापवायची वीज १५ ते २० टक्के कमी होईल. ३७०० पैकी २५०० युनिट त्या कामाचे असतील, तर ४०० ते ५०० युनिट. ३० सेंटच्या दराने १२० ते १५० युरो. पहाटेची कांडी आणि चालू-बंद थांबलं तर त्यावर आणखी भर पडेल. पैशापेक्षा मला त्यात जास्त मोलाचं वाटतं ते हे, की घर दिवसरात्र एकसारखं राहील आणि पंपाचा आवाज खाली जाईल.

कुरबुरीचं म्हणाल तर, तुमच्या घरात सध्या एकाच यंत्राला दोन हात दोन दिशांनी ओढताहेत, आणि दोघांनाही आपल्या बदलाचा परिणाम दिसायच्या आत दुसऱ्याचा बदल येतो. म्हणून तीन आठवडे बदल करायचा हात एकाचाच असू दे. यजमानांना आकड्यांची आवड दिसते, खुंटी त्यांच्याकडे द्या. पण कुठे थांबायचं हे तुम्ही आणि सासूबाई ठरवा: बैठकीत रात्री नऊला २१.५ च्या खाली गेलं की एक अंश वर, यावर चर्चा नाही. वही सासूबाईंच्या खुर्चीशेजारी ठेवा आणि खोलीचं तापमान त्यांनाच लिहू द्या. दिवसभर रिकाम्या बसलेल्या बाईला घरातलं एक काम मिळेल, आणि 'गार वाटतं' म्हटल्यावर कुणी वाद न घालता ते कागदावर उतरेल.

असाच प्रश्न पडलेल्या इतरांसाठी थोडं. नव्या घरात पहिलाच हिवाळा असेल, तर भिंती-कोब्यातलं बांधकामाचं पाणी अजून सुकत असतं, त्यामुळे वीज जास्त लागते. त्या वर्षाच्या आकड्यांवरून पंपाला नावं ठेवू नका, आणि रेघ दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा लावा. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांच्या मशीनवर हीच गोष्ट 'वेदर कॉम्पेन्सेशन' नावाने असते. ती मुळातच बंद ठेवून एकच स्थिर तापमान दिलेलं असेल, तर आधी ती चालू करून घ्या. खाली फ्लोअर हीटिंग आणि वर रेडिएटर अशी मिश्र घरं असतात, तिथे दोन वेगळ्या रेघा हव्यात. आणि भाड्याच्या घरात असाल तर पत्र्याच्या पेटीतल्या मोजपट्ट्यांना घरमालकाला विचारल्याशिवाय हात लावू नका. थर्मोस्टॅट उघडे ठेवून बघणं मात्र तुमच्या हातात आहे.

तुमच्याकडे खरा कडाका जानेवारीत येईल, तेव्हा सासूबाई तिथेच असतील. पारा उणे ८ च्या खाली गेलेल्या कुठल्याही दोन रात्रींची वहीची पानं, त्या वेळचा फोरलाउफ आणि रुकलाउफ, आणि कांडीचे तास मला पाठवा. उताराचं बोलणं आपण त्यावरून पुढे नेऊ. खोलीतला थर्मामीटर तेवढा खिडकीच्या चौकटीवरून उचलून त्यांच्या खुर्चीच्या उंचीवर, आतल्या भिंतीला लावा.